कच्चा लिंबू आणि बारा वर्षांची अट

एच. जी. वेल्सचं ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक १९१३ साली निघालं. शिशाचे सैनिक, स्प्रिंगच्या जोरावर लाकडी गोळा उडवणारी खेळण्यातली तोफ आणि खोलीच्या जमिनीवर मांडलेलं रणांगण, यांचे नियम त्यात आहेत. आज टेबलावर फासे, नकाशे आणि छोट्या मूर्ती मांडून तासन् तास खेळणारी मंडळी या पुस्तकाला पूर्वजाचा मान देतात. मीही देते. पण त्यातल्या एका जागी मी दर वेळी अडखळते. खेळाचे पहिलेवहिले प्रयोग चालू असताना घरी पाहुण्या बायका येतात आणि डाव थांबतो. जमिनीवरच्या पसाऱ्याकडे त्या तुच्छतेने पाहतात. कल्पनेच्या गोष्टींबद्दल समस्त स्त्रीजातीलाच अशी तुच्छता असते, असा शेरा मारून वेल्स पुढे जातो.

पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात हा खेळ कोणासाठी आहे तेही सांगितलं आहे. बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलग्यांसाठी, आणि मुलग्यांचे खेळ नि पुस्तकं आवडणाऱ्या, जरा अधिक हुशार मुलींसाठी. त्या मुलींमध्ये मी बसते असं धरून मी हे पुस्तक वाचलं. दोन मुलं झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा ते वेगळंच दिसलं.

वेल्सला दोन मुलगे होते. जॉर्ज फिलिप १९०१चा, फ्रँक १९०३चा. त्यांच्याबरोबर खेळता खेळता त्याने आधी, १९११ साली, ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं. त्याची सुरुवातच जमिनीच्या वर्णनाने होते. जमिनीवर लिनोलियम किंवा कॉर्कचं आच्छादन हवं, म्हणजे सैनिक नीट उभे राहतात आणि खडूच्या रेघा उमटतात. खोली उजेडाची, हवेशीर हवी. आणि ती दुसऱ्या खोल्यांकडे जायचा रस्ता नसावी. लहान मुलं असलेल्या घरात अशी खोली म्हणजे काय चैन आहे, हे मला ते पुस्तक पहिल्यांदा वाचताना कळलं नव्हतं.

त्या खोलीची शांतता कुणीतरी राखत होतं. वेल्सच्या पत्नी एमी कॅथरीन, ज्यांना तो जेन म्हणे, घर चालवत होत्या. मुलांसाठी मातिल्ड मेयर ही स्विस गव्हर्नेस होती. पुढे अनेक वर्षांनी तिने वेल्स कुटुंबाच्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं. मुलांची जेवणं, झोपा, ताप-खोकले त्या घरातही असणारच. नियमांत मात्र ते कुठे नाहीत. वेळेच्या बाबतीत ‘लिटल वॉर्स’ फार काटेकोर आहे. प्रत्येक खेळीला तीस सैनिकांमागे एक मिनिट, शिवाय दर तोफेमागे एक मिनिट. मिनिटामिनिटाचा असा हिशेब ठेवणाऱ्या पुस्तकात, तो आख्खा मोकळा वेळ कुठून आला याचा हिशेब नाही. गंमत म्हणजे खेळाची कल्पना सुचली तीच एका मित्राबरोबर जेवण झाल्यावर, मुलाच्या खेळण्यांचा पसारा पडलेल्या खोलीत. पसारा नसता तर खेळही नसता.

साठेक वर्षांनी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात, हाच धागा पुन्हा सापडतो. गॅरी गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी १९७०मध्ये गेली होती. घरी पत्नी मेरी जो आणि पाच मुलं. तो घरीच चपला-बूट दुरुस्त करून थोडं कमवायचा आणि उरल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिहायचा. १९७२च्या अखेरीस डेव्ह आर्नेसनने त्याला एक नव्या तऱ्हेचा खेळ दाखवला. त्यात सैन्य नाही, प्रत्येकाचं एकच पात्र, आणि तळघरं, भुयारं, राक्षस. गायगॅक्सने लगेच स्वतःचं भुयार आखलं. त्याच्या भुयारात सगळ्यांत आधी उतरली ती त्याची दोन मुलं, अर्नी आणि इलीस. त्यांना मिळालेला पहिला खजिना तांब्याच्या नाण्यांचा होता, आणि तो इतका जड की उचलून नेता येईना. मुलं झोपायला गेली आणि बाप भुयाराचा दुसरा मजला आखायला बसला, असं गायगॅक्स पुढे सांगत असे.

जानेवारी १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आलं. त्याच्या पहिल्या पुस्तिकेतही वयाची अट होती: बारा वर्षं आणि पुढे. वेल्सचं पुस्तक निघालं तेव्हा फ्रँक बारा वर्षांचा झाला नव्हता. इलीस पहिल्यांदा खेळली तेव्हा तीही बारा वर्षांची नव्हती. ज्या मुलांच्या सोबतीने हे खेळ घडले, त्यांतलं एकेक मूल छापील नियमांच्या बाहेरच राहिलं. आणि मुलांना निजवणारी आई? गायगॅक्सचे चरित्रकार एक गोष्ट सांगतात. नवरा सारखा बाहेर असतो म्हणून मेरी जोला संशय आला, एकदा ती मागावर गेली, तर मित्राच्या तळघरात सगळे पुरुष नकाशांवर वाकून बसलेले! ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. त्या रात्री घरी मुलाजवळ कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

हे खेळ माझ्यापर्यंत पुस्तकांतून आले. त्याआधी मी अंगणात खेळत होते, आणि तिथले नियम कुणी लिहिलेले नव्हते. तिथे बाराच्या आतल्याच काय, तीन वर्षांच्या मुलालाही जागा होती. ते ‘कच्चा लिंबू’. त्याने पळायचं, ओरडायचं, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. भाषांतराच्या कामात इतर भाषांतल्या मैत्रिणींना मी या शब्दाबद्दल विचारत गेले. बंगालीत असं मूल म्हणजे ‘दूधभात’. तेलुगूत ‘आटलो अरटिपंडु’, म्हणजे खेळातलं केळं. दूधभात आणि केळं हे तर बाळाला भरवायचेच पदार्थ.

अंगणातली ही नुसती माया नव्हती, सोय होती. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड दिलं जायचं. ते खेळात आलं तरच तिला खेळता यायचं. सांभाळण्याचं काम नियमातच मुरवून टाकलेलं होतं. अर्थात लिंबाला सांभाळणारी बहुधा ताईच असे, दादा क्वचित. ते विसरून या शब्दाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

आमचा पाच जणांचा गट शनिवारी संध्याकाळी जमतो. धाकटी झाल्यावर मी दोन वर्षं गेले नाही. त्याच काळात गटातले दोघे बाप झाले आणि एकही शनिवार चुकला नाही. त्यांना कुणी अडवलं नाही, मला कुणी काढलं नाही. सगळं आपोआप झालं, आणि मला खुपलं ते हेच. परत आले ती अट घालून. डाव आमच्या घरी, मुलांसकट. आणि वहीत एक नियम लिहायचा: मूल रडलं तर ज्याची खेळी नुकतीच झाली आहे त्याने उठायचं, मूल कुणाचंही असो.

पहिल्याच रात्री दोघांची कुरकुर झाली, डाव लांबला, सात खेळ्यांत तीनदा उठावं लागलं. एका मित्राला दुधाची बाटली कुठे असते हे विचारावं लागलं, पुढच्या शनिवारी नाही. माझी साडेतीन वर्षांची मुलगी आता राक्षसाच्या वतीने फासा टाकते. आकडा मोजत नाही कुणी. तिचं नाव मात्र खेळाडूंच्या यादीत आहे, पुढे कंसात लिहिलेलं: कच्चा लिंबू.