शिशाची गोळी, भुग्याची गोळी आणि नेमबाजाचे रक्त

नेमबाजीतून होणारा आजार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जखम येईल, फार तर कानठळ्या. शिशाची विषबाधा सहसा कोणाला आठवत नाही. पण ती होते, आणि तीही नेम धरणाऱ्यालाच.

लोखंडी पाट्यांवर पिस्तूल चालवण्याचा खेळ अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. तिथली 'स्टील चॅलेंज' स्पर्धा १९८१ पासून चालू आहे. साधी शिशाची गोळी पोलादावर आपटली की तिचे तुकडे उडतात. जवळून नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला त्यांचा धोका असतो. म्हणून आली आपटताच भुगा होणारी गोळी.

या गोळीचा पूर्वेतिहास गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात अमेरिकन बॉम्बफेकी विमानांवरील तोफची शिकाऊ असत. त्यांना खऱ्या विमानावर सराव देण्यासाठी टी-४४ ही गोळी तयार झाली. आरपी-६३ या जादा चिलखत चढवलेल्या विमानावर, आत वैमानिक बसलेला असताना, ते गोळ्या झाडत. गोळी लागली की विमानाच्या नाकावरचा दिवा लागे, म्हणून त्याचे टोपणनाव 'पिनबॉल'! गोळी कशाची? शिशाची पूड आणि बेकेलाइट. वैमानिक वाचावा एवढाच हेतू होता. त्या पुडीचे फुप्फुसात काय होईल, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो पुढे ऐरणीवर आला. १९७८ मध्ये अमेरिकेने कामाच्या जागेच्या हवेतील शिशावर मर्यादा घातली : ८ तासांची सरासरी, दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. बंदिस्त रेंजवर ती पाळणे सोपे नव्हते. मग तांबे-कथिलाची पूड दाबून, किंवा तांब्याची पूड नायलॉनमध्ये मिसळून, बिनशिशाच्या गोळ्या निघाल्या.

इथे बरेच जण फसतात. गोळी बिनशिशाची असली तरी काडतुसाच्या बुडाशी असलेल्या नेहमीच्या प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट असते. ते पेटले की शिशाचा अतिसूक्ष्म धूर होतो आणि थोडे शिसे रिकाम्या पुंगळीत उरते. अमेरिकेत हौशी लोक या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. त्याआधी अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात त्या घुसळून चकचकीत करतात. तो भुसा ओतताना उडणारी धूळ, आणि त्याच गॅरेजमध्ये रांगणारे मूल! शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. मोठ्यांमध्ये पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, रक्तदाब अशी सामान्य वाटणारी लक्षणे दिसतात, म्हणून निदान निसटते. रक्तातले शिसे काही आठवड्यांत निम्मे होते, हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते.

आपल्याकडे एअर पिस्तुलाचा सराव जास्त. त्यात प्राइमर नाही, पण छर्रे बहुधा शिशाचेच. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. सरावाचे कपडे वेगळे धुवा. बंदिस्त रेंजवर नियमित जात असाल, तर रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना हा छंद आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही.