हळदीचा वाण आणि सोबतीचा गुण

बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे नकाशावर कर्नाटकात असले, तरी आमच्या घरांतून दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. सासू ‘हळद’ म्हणते, सून ‘अरिशिण’ म्हणते; पिवळा रंग दोघींच्या पदराला सारखाच लागतो. भालकी तालुक्यातील खानापूरच्या देवाला आपण खंडोबा म्हणतो, कानडी बांधव मैलार मल्लण्णा म्हणतात. भंडारा मात्र एकच. आपला ‘येळकोट’ हा शब्दसुद्धा कानडी ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटी, यावरून आला असे मानतात.

जत्रेहून परतल्यावर भंडाऱ्याने माखलेली धोतरे-लुगडी कडक उन्हात पसरावीत, हेही दोन्ही भाषांतील बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साबण लावला की डाग लाल होतो, कारण क्षाराने हळदीचा रंग पालटतो. ऊन मात्र तो डाग पिऊन टाकते. असे का होते, याचे उत्तर मिळायला शास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. मी इतिहासाचा माणूस. म्हणून त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

हळदीतील पिवळे द्रव्य प्रथम वेगळे केले ते फोगेल आणि पेलतिये यांनी, १८१५ साली. त्यालाच पुढे कर्क्युमिन हे नाव रूढ झाले. त्याच्या रेणूची रचना उलगडायला १९१० साल उजाडले. मिलोबेंद्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लांपे या त्रयीने ते काम केले. पण रचना कळली म्हणजे स्वभाव कळला असे नव्हे.

हा स्वभाव घरीही पाहता येतो. हळद पाण्यात घाला. पाणी गढूळ होईल आणि थोड्या वेळाने हळद तळाशी बसेल. फोडणीच्या तेलात टाका. रंग खुलून येईल. स्पिरिटमध्ये ढवळून गाळा. स्वच्छ सोनेरी द्रव मिळेल. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. आता दुकानदार खोटी नोट ओळखायला वापरतात तो जांभळा दिवा त्यावर धरा. स्पिरिटमधली हळद हिरवट-पिवळी झळकेल, पाण्यातली मंदच राहील. द्रव्य तेच, दिवा तोच. बदलली ती फक्त सोबत. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, म्हणतात ना!

प्रकाश शोषताच रेणू क्षणभर चेततो. ही उसनी ऊर्जा तो पुन्हा प्रकाश म्हणून परत देतो, उष्णता म्हणून सोडतो, शेजारच्या ऑक्सिजनला देऊन त्याला तिखट करतो, नाही तर स्वतःच मोडतो. कोणत्या वाटेने किती ऊर्जा जाईल, हे बरेचसे द्रावकावर ठरते.

१९८६ मध्ये नॉर्वेतील टोनेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात कर्क्युमिन कसे मोडते ते तपासले. लांबलचक रेणूचे तुकडे पडून व्हॅनिलिनसारखे लहान रेणू उरतात, आणि त्यांना पिवळा रंग नसतो. १९९४ मध्ये अमेरिकेत चिग्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावकांची तुलना केली. टोल्यूइनमध्ये कर्क्युमिनची झळाळी ४६० व ४८८ नॅनोमीटरला, म्हणजे निळ्या बाजूला, दिसली. इथेनॉलमध्ये ती ५४९ नॅनोमीटरला, हिरव्या-पिवळ्या बाजूला सरकली. तिखट ऑक्सिजन टोल्यूइनमध्ये जेवढा तयार झाला, त्याच्या सुमारे एक दशांशच अल्कोहोलमध्ये झाला.

आणि २००० साली आपल्या मुंबईजवळच्या तुर्भ्यात, भाभा अणुसंशोधन केंद्रात, खोपडे, प्रियदर्शिनी, पालित आणि मुखर्जी यांनी नेमका हाच विषय हाती घेतला: द्रावकाचा चेतलेल्या कर्क्युमिनवर होणारा परिणाम. बहुतेक चेतलेले रेणू वेगवेगळ्या द्रावकांत ५० ते ३५० पिकोसेकंदांत शांत होतात, असे त्यांना आढळले. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! शोषलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाशाची निव्वळ उष्णता होते. म्हणजे मोडणारे रेणू थोडेच. म्हणूनच डाग घटकाभरात जात नाही. दिवसभराचे ऊन लागते. ‘दोन दिवस उन्हात असू दे’ या आजीच्या सांगण्यात केवढा हिशोब होता!

हे ज्ञान आजीचे होते, पण कागदावर नव्हते. कागदाची किंमत १९९५ मध्ये कळली. हळदीने जखम भरते, या आपल्या घरगुती उपायावर त्या वर्षी अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. तिथे ‘आमची आजी असे करीत असे’ एवढे म्हणून भागणार नव्हते. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले, तेव्हा १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले.

आपल्या सीमाभागात असे किती ज्ञान दोन भाषांच्या बेचक्यात अडकून आहे! आजीची मराठी नातवाला पुरती कळत नाही, आणि नातवाची शाळेतली कानडी आजीला येत नाही. दिवाळीला घर भरलेले असते. कोणता डाग कशाने जातो, कोणता रंग कशात उतरतो, हे वडीलधाऱ्यांना विचारावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कानडी. वाण एकच आहे, गुण दोन्ही भाषांचा लागू द्या.