भरल्या ताटापुढचें मूल



मूल जेवत नसलें कीं आपल्या घरांत दोन निकाल ताबडतोब दिले जातात. मूल हट्टी आहे, हा पहिला. आईनें लाडावून ठेवलें आहे, हा दुसरा. पस्तीस वर्षें मास्तरकी करतांना हे दोन्ही निकाल मींहि पुष्कळदां दिले.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. मधल्या सुटींत तो डब्यांतून रोज एकच वस्तु काढी: साखर भुरभुरून गुंडाळलेली कोरडी पोळी. तिला भाजीचा ओलावा लागला तर डबा तसाच परत जाई. मुलांना वळण लावणें हें आपलें कर्तव्य, अशा समजुतीनें एके दिवशीं मीं त्याच्यापुढें उभें राहून त्याला मेथीच्या भाजीचा घांस खावयास लावला. त्याला जागच्या जागीं ओकारी झाली. चार दिवस तो शाळेंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं त्याची आई त्याला घेऊन आली आणि 'गुरुजी, चूक माझीच आहे,' एवढेंच म्हणाली. मला तें तेव्हां योग्यच वाटलें.

'स्वमग्न' हा शब्द त्या वेळीं माझ्या कानीं पडला नव्हता. इंग्रजींत ज्या मुलांना 'ऑटिस्टिक' म्हणतात त्यांच्यासाठीं तो आपल्याकडे रूढ झाला आहे. या मुलांच्या जेवणाचा प्रश्न जगाला कसा कळत गेला, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

१९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचें आजचें शास्त्र या निबंधापासून सुरू होतें. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यांतील डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला भूक अशी कधीं लागतच नसे. इतर मुलें मिठाई वा आइस्क्रीम खात असतांना पाहूनहि त्याला मोह होत नसे. एका मुलीला तर वर्षाची होईपर्यंत नळीनें अन्न द्यावें लागलें होतें. अकरांपैकीं सहा मुलांची अन्नाविषयींची तक्रार जन्मापासूनची होती, असें कॅनर यांनीं नमूद केलें. त्याचा अर्थ त्यांनीं असा लावला कीं, बाहेरचें जग मुलाच्या आयुष्यांत प्रथम शिरतें तें अन्नाच्या रूपानें. जग दूर ठेवूं पाहणारें मूल म्हणून अन्नहि दूर लोटतें.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४४ सालीं, व्हिएन्ना येथील डॉ. हान्स अ‍ॅस्परगर यांचा प्रबंध जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. नाझी राजवटीशीं या गृहस्थांनीं केलेलें सहकार्य २०१८ सालीं कागदपत्रांनिशीं उजेडांत आलें, व तें विसरतां येणार नाहीं. तथापि त्यांची एक नोंद फार मोलाची होती. या मुलांना फार आंबट किंवा मसालेदार पदार्थ आवडतात, भाज्या आणि दुधाचे पदार्थ कित्येकांना मुळींच सोसत नाहींत, आणि स्पर्श व आवाज यांविषयींहि त्यांची अशीच तऱ्हा असते, असें त्यांनीं लिहिलें. म्हणजे कॅनर यांना मिटलेलें दार दिसलें. अ‍ॅस्परगर यांना मुलाची जीभच निराळी दिसली. परंतु हा जर्मन प्रबंध इंग्रजी वाचणाऱ्या जगाला दीर्घकाळ जवळजवळ अपरिचितच राहिला. १९८१ सालीं लॉर्ना विंग यांनीं त्याकडे लक्ष वेधलें, आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९९१ मध्यें उटा फ्रिथ यांनीं प्रसिद्ध केलें.

मधल्या काळांत काय झालें, तें ऐकण्यासारखें आहे. ही उणीव उपजत असावी, असें कॅनर यांनींच १९४३ मध्यें लिहिलें होतें. पण आईबापांच्या थंडपणाकडेहि त्यांनीं बोट दाखविलें, आणि जगानें तेवढेंच उचललें. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ च्या आपल्या ग्रंथांत मुलाच्या या अवस्थेचा ठपका आईबापांवरच ठेवला. घास घेऊन मुलामागें धांवणाऱ्या, रात्ररात्र जागणाऱ्या मातांना 'तुमच्याच मायेंत उणें आहे,' असें विद्वानांच्या तोंडून ऐकावें लागलें. एका मताच्या हट्टापायीं किती घरें आंतल्या आंत जळालीं असतील!

या मताला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापानें. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. दोष मायेंत नसून मेंदूच्या घडणींत आहे, हें त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहून मांडलें. १९६९ मध्यें खुद्द कॅनर यांनीं पालकांच्या सभेंत उभें राहून आईबापांना जाहीरपणें दोषमुक्त केलें. १९७७ सालीं इंग्लंडांत २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही भावंडें स्वमग्न आढळलीं. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकहि नव्हती. रक्ताचा हा पुरावा निर्णायक होता.

जिभेची गोष्ट मात्र आणखी मागें राहिली. स्पर्श, वास, चव व आवाज यांची अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव हें स्वमग्नतेच्या लक्षणांपैकीं एक म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत शिरलें तें २०१३ सालीं. त्याच आवृत्तींत, बारीक होण्याच्या हव्यासावांचून अन्न टाळण्याच्या विकारालाहि स्वतंत्र नांव मिळालें. त्याच वर्षीं अनेक अभ्यास एकत्र करून असें दाखविण्यांत आलें कीं, इतर मुलांपेक्षां स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी सुमारें पांचपट अधिक असतात, व त्यांच्या आहारांत कॅल्शियम आणि प्रथिनें कमी पडतात. मोजकेच पदार्थ खाऊन राहिल्यामुळें, घरांत अन्नाचा तुटवडा नसतांनाहि, 'क' जीवनसत्त्वाच्या अभावीं होणारा स्कर्व्ही कांहीं मुलांना जडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पूर्वीं दीर्घ सफरीवरील खलाशांना होणारा हा रोग भरल्या घरांत व्हावा!

म्हणून 'भूक लागली कीं खाईल' ही आपली जुनी समजूत येथें कामास येत नाहीं. कित्येक स्वमग्न मुलांना भुकेची जाणीवच नीट होत नाहीं; आणि आपल्याला जी मऊ भाजी, तीच त्यांच्या तोंडांत असह्य होते. चार पदार्थ सोसत असतील तर त्यांवर न रागावतां पांचवा शेजारीं ठेवावा. तो पाहिला, हुंगला, बोटानें शिवला, तरी पुष्कळ झालें. घांस कोंबूं नये. वजन घटत असेल किंवा पदार्थ एकेक करून कमी होत असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

आपल्या देशांत १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानें आणि पुढें २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नतेला मान्यता दिली आहे. कायद्याचें काम कायदा करील. परंतु जेवणाच्या पाटावर, लग्नाच्या पंगतींत आणि शाळेच्या मधल्या सुटींत न्यायाधीश आपणच असतों.

त्या मातेचें वाक्य मला अजून ऐकूं येतें. चूक तिची नव्हती, आणि मुलाचीहि नव्हती. तरीहि तें वाक्य तिच्या तोंडीं आलें, आणि तें आणणाऱ्यांत मीहि होतों. ती चूक माझी होती, हें तिला सांगण्याची संधि मला मिळाली नाहीं. म्हणून आज आपणांस सांगितलें.