अमेरिकन शहरें आणि घरांचें अनुदान

माझा सारा जन्म अनुदानावर चालणाऱ्या शाळांत गेला. त्यामुळें 'अनुदान' हा शब्द कानीं पडला कीं एक जुनी आठवण जागी होते. एका वर्षीं आमच्या शाळेला नकाशे व पृथ्वीचे गोल घेण्यासाठीं रक्कम मंजूर झाली. त्याच पावसाळ्यांत सातवीच्या वर्गाचें छप्पर गळत होतें. ती रक्कम छपराकडे वळवूं द्यावी, असें मुख्याध्यापकांनीं वर लिहिलें. ज्या कामासाठीं मंजूर झाली त्याच कामीं ती खर्च व्हावी, असें उत्तर आलें. नवे नकाशे आले, आणि मुलें ओल्या भिंतीवर ते पाहत बसलीं. देणाऱ्याच्या अटी एक, घेणाऱ्याची गरज दुसरी, आणि छपराखालीं बसलेल्याला विचारतो कोण? हीच ओढाताण अमेरिकेच्या शहरांत घरांच्या बाबतींत कशी चालत आली, तें आज सांगावयाचें आहे.

गरिबांच्या घरांची चिंता शहरानें करावी, मध्यवर्ती सरकारनें नव्हे, असें अमेरिकेंत पुष्कळ काळ मानलें जाई. १९२९ नंतरच्या मंदीनें ती समजूत मोडली. १९३७ च्या कायद्यानें स्थानिक गृहमंडळांना मध्यवर्ती तिजोरींतून नियमित मदत मिळूं लागली. पुढें १५ जुलै १९४९ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं एका मोठ्या कायद्यावर सही केली. प्रत्येक अमेरिकन कुटुंबाला चांगलें घर आणि राहण्याजोगा परिसर लाभावा, हें ध्येय त्यांत नमूद होतें. सहा वर्षांत ८ लक्ष १० हजार सरकारी घरें बांधण्याची तरतूदही होती. पण तो आकडा त्या मुदतींत गांठला गेला नाहीं.

त्याच कायद्याचा पहिला भाग मात्र अमलांत आला. शहरानें एखादी वस्ती गलिच्छ ठरवावी, ती जमीन सक्तीनें विकत घ्यावी, घरें पाडावीं, आणि मोकळी जागा खाजगी बांधकाम करणारांस स्वस्तांत विकावी. या व्यवहारांत जी तूट येईल तिचे दोन तृतीयांश मध्यवर्ती सरकारनें भरावे, अशी ती योजना होती. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वॉशिंग्टन शहराच्या खटल्यांत अशा भूसंपादनाला एकमतानें मान्यता दिली. दुसऱ्याच्या पैशानें शहराचा चेहरामोहरा बदलण्याची संधि कोणता महापौर सोडील?

बॉस्टन शहरांतील 'वेस्ट एंड' या वस्तीचें उदाहरण घ्या. तेथें मुख्यतः इटालियन व ज्यू कुटुंबें राहत. घरें जुनीं होतीं, पण शेजार जिवंत होता. १९५८ नंतर ही वस्ती जमीनदोस्त झाली, अडीच हजारांहून अधिक कुटुंबें पांगलीं, आणि त्या जागीं श्रीमंतांना परवडतील अशा उंच इमारती उभ्या राहिल्या. हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ पाडापाडीपूर्वीं तेथें जाऊन राहिले होते. ज्याला बाहेरचे लोक गलिच्छ वस्ती म्हणत, तो तेथल्या माणसांना आपला गांव वाटे, हें त्यांनीं १९६२ सालीं ग्रंथरूपानें दाखवून दिलें. इतर अनेक शहरांत हा नांगर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवरून फिरला. कायद्याचें ध्येय घर देण्याचें होतें. परंतु ज्यांचें घर गेलें त्यांना त्या जागेवर तें परत मिळालें नाहीं.

या अनुभवानंतर धोरण बदलूं लागलें. १९६५ सालीं गृह व नगरविकासाचें स्वतंत्र खातें निघालें. रॉबर्ट वीव्हर हे त्याचे पहिले मंत्री. अमेरिकेच्या मंत्रिमंडळांत बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. १९६६ च्या 'आदर्श शहरें' योजनेंत रहिवाशांचाही सल्ला घ्यावा असें ठरलें. तथापि पाणी, गटारें, बगीचे, पाडकाम, प्रत्येकासाठीं निराळें अनुदान आणि निराळा अर्ज हा घोळ कायम होता. आमच्या नकाशांचीच गोष्ट! अखेर १९७३ च्या जानेवारींत अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारनें अनेक योजनांना नवी मंजुरी देणें थांबविलें, आणि २२ ऑगस्ट १९७४ रोजीं अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीनें नवा कायदा आला. सुटीं सुटीं अनुदानें जाऊन एक ठोक अनुदान सुरू झालें. लोकसंख्या, घरांतील दाटी आणि दारिद्र्य यांवरून तें कोष्टकाप्रमाणें ठरे. दारिद्र्याचें वजन दुप्पट. जुनाट घरें आणि खुंटलेली वाढ मोजणारें दुसरें कोष्टक १९७७ सालीं जोडलें गेलें.

आतां शहरें मुखत्यार झालीं. कोणी घरमालकांना दुरुस्तीसाठीं कर्ज दिलें, कोणी जलवाहिन्या बदलल्या, कोणी वृद्धांसाठीं केंद्र बांधलें. पण मुखत्यारी मिळाली म्हणून न्याय झाला असें नाहीं. कनेक्टिकट राज्यांतील हार्टफर्ड शहराचा अनुभव ऐका. अनुदान मागणाऱ्या गांवानें आपल्याकडे किती गरीब लोक राहावयास येतील याचा अंदाज द्यावा, अशी कायद्यांत अट होती. हार्टफर्डभोंवतालच्या सुखवस्तु उपनगरांपैकीं कित्येकांनीं त्या रकान्यांत शून्य लिहिलें, आणि वरच्या खात्यानें तें चालवून घेतलें! हार्टफर्डनें दावा लावला. १९७६ सालीं न्यायालयानें सात उपनगरांचें अनुदान रोखलें. पण हार्टफर्डला असा दावा लावण्याचा अधिकारच नाहीं, या कारणावरून पुढें अपिलांत तो निकाल फिरला. प्रश्न मुळांत खरा होता. तांत्रिक मुद्द्यावर तो दाराबाहेरच राहिला.

म्हणून पुढें कायद्यालाच कुंपणें घालावीं लागलीं. १९९० पासून या अनुदानांतील शंभरांपैकीं निदान ७० डॉलर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठीं खर्चावे लागतात. खर्चाचा आराखडा ठरविण्यापूर्वीं जाहीर सुनावणी घ्यावी लागते. रक्कम मात्र आक्रसली आहे. १९७५ सालीं ती सुमारें २४० कोटी डॉलर होती, २०२४ सालीं सुमारें ३३० कोटी. आकडा वाढलेला दिसतो. पण त्या काळांत किंमती पांचपटींहून अधिक वाढल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अर्ध्याहून अधिक बळ ओसरलें असें दिसेल.

या इतिहासाचा धडा मला असा दिसतो. अटी फार घातल्या तर छप्पर गळतच राहतें. मुळींच घातल्या नाहींत तर बलवान आपल्या दारापुढचा रस्ता आधीं गुळगुळीत करून घेतो. यांतून वाट काढावयाची तर सुनावणीच्या दिवशीं गळत्या छपराखालचा माणूस सभागृहांत असला पाहिजे, आणि त्याचें बोलणें टिपून घेतलें गेलें पाहिजे. आपल्याही शहरांत अशा योजनांचे आकडे जाहीर होतील, तेव्हां रक्कम किती, एवढेंच वाचून आपण वर्तमानपत्र मिटूं नये. त्या जागीं काल कोण राहत होतें आणि उद्यां कोण राहणार, हेंही विचारावें.