खाणीतली अडीच वर्षं



भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला रेल्वेने गेलात, तर माजरीच्या आसपास कोळशाने भरलेल्या वाघिणींची रांग दिसतेच. आपण पदर सावरतो, खिडकी लावून घेतो. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा येतो, म्हणून खाण आपल्या घरात कधी आली नाही. कोळसा मात्र आला. शेगडीत आला, आता विजेतून येतो. तो खणायला खाली कोण उतरत होतं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. त्यांत बायकाही होत्या.

आपलं चंद्रपूर तेव्हा चांदा जिल्हा, मध्यप्रांतातला. गडचिरोली त्याच्याच पोटात होती, ती 1982 साली वेगळी झाली. वरोऱ्याची सरकारी खाण 1906 मध्ये बंद पडली, पुढे बल्लारपूर आणि घुग्घुसची नावं पुढे आली. त्या काळी देशातल्या पुष्कळ कोळसा खाणींत जोडीने काम चाले. नवरा कुदळीने कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून डोक्यावरून डब्यापर्यंत न्यायची. मजुरी भरलेल्या डब्यामागे, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात. बाईने किती टोपल्या वाहिल्या याचा वेगळा हिशेब कुठे असणार?

1929 मध्ये सरकारने नियम केला की बायकांना भूगर्भातून हळूहळू बाहेर काढायचं. मध्यप्रांताच्या कोळसा खाणींना त्यासाठी मुदत दिली होती. 1937 मध्ये बंदी पूर्ण झाली. हेतू चांगलाच होता. तिथला अंधार, पाणी, छत कोसळण्याचं भय, तिथे बाईने जाऊ नये असं कुणालाही वाटेल. पण डब्यामागच्या मजुरीतले तिचे हात गेले आणि घरात येणारा पैसाही कमी झाला. बंदी घालताना तिला वर कुठलं काम देणार, हे मात्र कुणी नीट ठरवलं नव्हतं.

मग महायुद्ध आलं. लष्कराच्या बांधकामांवर जास्त रोजी मिळू लागली, मजूर तिकडे गेले आणि खाणी ओस पडायला लागल्या. रेल्वे आणि कारखान्यांना कोळसा हवाच होता. 1943 मध्ये बंदी उठवली गेली, आणि ज्या प्रांतांत ती उठली त्यांत आपला मध्यप्रांतही होता. सहा वर्षांपूर्वी जी जागा बाईसाठी फार धोक्याची होती, ती एकाएकी चालण्यासारखी झाली! अखिल भारतीय महिला परिषदेने याला कडाडून विरोध केला. मध्यवर्ती विधिमंडळात 8 फेब्रुवारी 1944 रोजी यावर चर्चा झाली, तेव्हा सरकारची बाजू मांडायला मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांनी हा निर्णय आणीबाणीचा आणि तात्पुरता असल्याचं सांगितलं. घातलेल्या अटीही सांगितल्या. साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या बोगद्यात बाईला काम द्यायचं नाही. आणि दुसरी अट अशी की बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची. समान कामाला समान दाम हे तत्त्व या देशात एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य होत आहे, असं ते म्हणाले.

मी हे दोनदा वाचलं. समान वेतनाचा कायदा झाला 1976 साली. त्याच्या तीस-बत्तीस वर्षं आधी तो नियम जमिनीच्या पोटात लागू झाला होता, आपल्या प्रांतातही, आणि तोही गरज सरकारला होती म्हणून. महिला परिषदेच्या शहरी बायका बरोबर होत्या की टोपली उचलणाऱ्या, याचा निकाल मला अजून देता येत नाही. दोघींच्या बाजूने बोलावंसं वाटतं.

1 फेब्रुवारी 1946 पासून पुन्हा बंदी आली. समान मजुरीची अट तिच्याबरोबरच गेली, कारण ज्या कामासाठी ती होती ते कामच बाईचं राहिलं नाही. 1952 च्या खाण कायद्यात ही बंदी कायम झाली. 1973 मध्ये खाणी सरकारच्या झाल्या, पगार ठरलेले, पक्के झाले. पण पक्क्या नोकऱ्या मुख्यतः पुरुषांच्या. एक योजना तर अशी होती की बाईने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर तिची नोकरी मुलाला मिळायची. 2019 मध्ये भूगर्भातलं दार पुन्हा उघडलं, तेही तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांपुरतं. डिप्लोमा घेतलेल्या मुलीसाठी हे चांगलंच आहे. टोपलीवालीच्या नातीकडे डिप्लोमा असेलच असं नाही.

गडचिरोलीकडे कोळसा नाही, तिथे जंगल आहे. मे महिन्यात पहाटे उठून बायका तेंदूपत्ता तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. पुड्याचा भाव बाई-पुरुष दोघांना एकच. कागदावर भेद शोधून सापडायचा नाही. पण फळीवर पुडे मोजून घेणारा, हे पान बारीक आहे, हा पुडा बाद असं सांगणारा मुन्शी बहुधा पुरुषच, आणि त्याच्या कामाचा पैसा वेगळा. कायदा ‘समान काम’ म्हणतो. कामालाच वेगळं नाव दिलं की कायदा काय करणार?

हे नाव देणं मला चांगलं येतं, म्हणून हा लेख लिहायला बसले. दिवाळीच्या साफसफाईला आमच्याकडे एक गडी आणि एक बाई येतात. माळ्यावरची भांडी काढणं, घासणं, जाळी-जळमटं, पाण्याची टाकी. त्याला सहाशे, तिला चारशे, हे सासूबाईंच्या वेळेपासूनचं प्रमाण. आकडे वाढले, फरक तसाच राहिला. मी तिला विचारलं, तुला कमी का देतो गं आम्ही? ती म्हणाली, “ते शिडीवर चढतात ना, ताई.”

शिडी धरून खाली ती उभी असते, आणि वरून येणारी पितळी परात तिच्या डोक्यावर उतरते. या वर्षी दोघांना सहाशे दिले. गड्याचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.