बिघडलेल्या सुराचा व्यवसाय

नाताळच्या आधी आमच्या परिचयातील एका गायनवृंदाच्या गिटारवादकाने पायाने दाबावयाची एक लहानशी धातूची डबी पांढरकवड्यातील एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिच्यातून आवाज येईनासा झाला होता. दोष बॅटरीच्या तारेत निघाला आणि डाग देऊन तो पाच मिनिटांत दूरही झाला. तथापि झाकण उघडे असताना दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी आतील भाग मोजले आणि विचारले, “यात आहेच काय? एवढ्याला एवढे पैसे?”

प्रश्न साधा होता, पण आम्हांला तो सोडवेना. केळापूर तालुका हा कापसाचा मुलूख आहे. कापसाचे बोंड शेतकऱ्याच्या हातातून सुटले की त्याचा भाव चढत जातो, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. या डबीचा इतिहास चाळताना आम्हांला तीच गोष्ट निराळ्या वेषात पुन्हा भेटली. म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात पाईप ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्याला शोभतील अशा इतर वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी करण्यात आली. पुढे आपल्या देवळांतून हार्मोनियम-तबल्याच्या शेजारी गिटार येऊन बसले ते याच वाटेने. गिटारचा आवाज बदलणारी डबी मात्र देवळासाठी जन्मलेली नव्हती. तिचा जन्म एका बिघाडातून झाला.

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन हे वादक सहा तारांचे बेस गिटार वाजवीत असताना ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एका मार्गिकेत बिघाड झाला आणि स्वच्छ सुराऐवजी घोगरा, फाटका आवाज उमटला. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तो पुसून टाकला नाही. १९६१ साली ते गीत गाजले आणि इतर वादक तोच आवाज मागू लागले. तेव्हा स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांच्या मदतीने तो बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते घेऊन १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले.

आत घडते ते असे. गिटारच्या तारेचा कंप विजेच्या अगदी क्षीण लाटेत रूपांतरित होतो. मंडल ती लाट इतकी फुगवते की तिला वर जायला जागाच उरत नाही, आणि तिचे शेंडे सपाट छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ स्वरासोबत अनेक वरचे उपस्वर मिसळतात. कानाला ते घोगरेपण, भरदारपण वाटते. ज्या दोषाला रेडिओ दुरुस्त करणारा जन्मभर हाकलीत असतो, तोच येथे विकावयाचा माल ठरला!

माल मात्र खपेना. या डबीने तुतारीचा, सॅक्सोफोनचा, चेलोचा आवाज काढता येतो अशी जाहिरात झाली. गिटारवादकाला तुतारी कशाला हवी? पहिल्या वर्षी पाच हजारांहून अधिक डब्या दुकानदारांकडे गेल्या आणि फळ्यांवर पडून राहिल्या. पुढील वर्षी मागणी जवळपास थांबली. १९६५ साली इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या वृंदाने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीताची सुरुवातच या आवाजाने केली, तेव्हा मात्र पडून राहिलेला साठा हातोहात उठला. गंमत अशी की कीथ रिचर्ड्स यांनी तो भाग तात्पुरता, पुढे तुताऱ्या घालावयाच्या म्हणून वाजवला होता.

त्यानंतर लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांची ‘टोन बेंडर’ आली. १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीची वाटोळी ‘फझ फेस’ आली. जिमी हेंड्रिक्समुळे ती जगभर माहीत झाली. तिच्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवावयाची दोन बटणे एवढेच असते. अकरा भाग! आमच्या दुरुस्तीवाल्यांचा प्रश्न रास्तच होता.

पण या अकरांत मेख आहे. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. एकाच पाकिटातील दोन ट्रान्झिस्टर सारखे निघत नसत. एकाची वृद्धी कमी, दुसऱ्यातून वीज झिरपते. जाणता कारागीर ढीगभर ट्रान्झिस्टर मोजून त्यांतून मोजकेच निवडी. शिवाय जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान वाढले की गळती वाढते आणि आवाज गुदमरतो. लंडनच्या थंडीत गोड वाजणारी डबी आमच्या विदर्भातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकलेला असताना, काय करील हे सांगावयास नको. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि ही अडचण बरीचशी ओसरली, मात्र आवाजही काहीसा तीक्ष्ण झाला. भाग थोडे असले तरी निवड, मोजणी आणि चाचणी यांना वेळ लागतो, आणि त्या वेळाची किंमत डबीवर छापलेली नसते.

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये माईक मॅथ्यूज यांनी एक हजार डॉलर्सच्या भांडवलावर ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’ सुरू केली. बेल प्रयोगशाळेतील बॉब मायर यांच्या साहाय्याने त्यांची ‘बिग मफ’ ही डबी घडली व अफाट खपली. पण कामगार संघटनेशी संघर्ष आणि कर्जाचा बोजा यांतून १९८२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. मंडलात दोष नव्हता; दोष हिशेबाच्या वहीत होता. मॅथ्यूज पुढे रशियातील व्हॅक्यूम ट्यूबच्या व्यापारातून पुन्हा उभे राहिले.

आम्हांला अधिक जवळची वाटते ती मात्र बिल फिनेगन यांची कथा. बोस्टन परिसरात राहणाऱ्या या गिटारवादकाला असा आवाज हवा होता की, लहान खोलीत हळू वाजवतानाही मोठ्या अँप्लिफायरची भरदार गोडी यावी. स्वतः अभियंता नसल्यामुळे त्यांनी जाणकारांची मदत घेतली, त्यांत फ्रेड फेनिंग यांचा वाटा मोठा. काही वर्षे केवळ ऐकणे, बदलणे आणि पुन्हा ऐकणे चालले. १९९४ च्या अखेरीस ‘क्लॉन सेंटॉर’ विक्रीस आली. सोनेरी डबी, तिच्यावर मनुष्यमुखी घोड्याचे चित्र. जोडणी, चाचणी, बांधणी, ग्राहकाशी बोलणे, सारे एकट्याने, राहत्या घरात. ग्राहकांना कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. २००८ च्या सुमारास काम थांबेपर्यंत अशा जवळजवळ ८,००० डब्या त्यांच्या हातून गेल्या.

नक्कल होईल ही धास्ती त्यांना पहिल्यापासून होती. विजेच्या मंडलाच्या मांडणीला पुस्तकासारखा लेखनाधिकार लाभत नाही. पेटंट हवे तर नवीनता सिद्ध करावी लागते, खर्च आणि वर्षे घालवावी लागतात. म्हणून फिनेगन आतील पट्टीवर काळी राळ ओतीत. राळ घट्ट झाली की भाग ओळखता येत नसत. तरीही काहींनी ती खरवडून मंडल उतरवून घेतलेच, आणि स्वस्त नकलांचा सुकाळ झाला. दुसरीकडे मूळ डब्यांचा भाव जुन्या बाजारात चढत गेला. काहीशे डॉलर्सना विकलेली वस्तू आज हजारो डॉलर्सना हात बदलते, आणि त्यातला एक सेंटही ती घडवणाऱ्याला मिळत नाही. २०२४ साली नाव व रूप यांच्या वापरावरून त्यांनी बेहरिंगर या बड्या उत्पादकाविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. पुढे त्या नकलेचे नाव बदलले. मंडल राखता आले नाही, निदान नाव राखता आले.

कापसाच्या गाडीमागून चालणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे १९९१ पूर्वी असली परदेशी यंत्रे आणणे म्हणजे परवाने आणि जकात यांच्याशी झुंज होती. पण वाद्यांच्या छोट्या उद्योगाला आपली भूमी अपरिचित नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार हे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तेथे सतार-तंबोरे घडू लागले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फिनेगन यांना न्यायालयात जाऊन जे राखावे लागले ते मिरजेच्या कारागिरांच्या वाट्याला असे सामुदायिक रीतीने आले, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. बंगळूरूचे जी. राज नारायण हे विमानोद्योगातील अभियंते व बासरीवादक. त्यांनी विद्युत तंबोरा घडवून १९७९ मध्ये ‘राडेल’ हा उद्योग उभा केला. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत रियाजाला तीच पेटी लावतात. आणि मुंबईत आदित्य नंदवाना यांची ‘ॲनिमल फॅक्टरी’ गिटारच्या अशा डब्या येथेच घडवून परदेशातही पाठवते.

पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सुटे भाग मागवणे आज अवघड राहिलेले नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जे मिळते ते टपालानेही येते. सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर व छिद्रे पाडण्याचे यंत्र एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. सर्वांत महाग पडतात ते पायाखालचे बटण आणि धातूची डबी. मंडल त्यांच्यापुढे किरकोळ. धातूच टाळता येत नाही, कारण लाकूड वा प्लॅस्टिक वापरले तर विजेच्या दिव्यांची घरघर आवाजात शिरते.

आम्ही हा सारा वृत्तान्त त्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि ट्रान्झिस्टर निवडताना किती वाया जातात, एवढेच विचारले. नंतर त्यांनी अकरा भागांची यादी एका वहीच्या पानावर उतरवून घेतली. गायनवृंदातील तो तरुण आता रविवारी मिस्सानंतर त्यांच्या दुकानात बसतो. पहिली डबी नागपूरहून ओतीव ॲल्युमिनियमची आणावी की गावातच पत्रा वळवून घ्यावी, यावर सध्या दोघांचे एकमत होत नाही.