रोल धुताना डबा तासभर हलवायचाच नाही? काय आहे ‘स्टँड डेव्हलपिंग’

डिसेंबरात सकाळी आठ वाजता कवठे महांकाळच्या एखाद्या माळावर कॅमेरा घेऊन उभे राहा. पूर्व सांगलीचा हा पट्टा कमी पावसाचा, त्यामुळे हवा कोरडी असते. ऊन तिरपं पडतं. शाळूची पानं चमकत असतात, लांबवरच्या देवळाची चुना लावलेली भिंत डोळे दिपवते आणि त्याच चौकटीत ओघळीतली सावली काळीकुट्ट असते. मोबाइल अशा वेळी दोन-तीन फोटो काढून एकत्र करतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. कृष्णधवल फिल्मवर ही सोय नाही. तिथे बराचसा हिशेब रोल धुताना करावा लागतो.

नेहमीच्या पद्धतीत टाकीत डेव्हलपर ओतल्यावर साधारण दर मिनिटाला ती काही सेकंद उलटी-सुलटी करतात. त्यामुळे फिल्मला सगळीकडे ताजं रसायन मिळत राहतं. स्टँड डेव्हलपिंगमध्ये डेव्हलपर खूप पातळ करायचं आणि टाकी जवळजवळ हलवायचीच नाही.

त्याने होतं काय? भिंतीवर उजेड जास्त, म्हणून निगेटिव्हच्या त्या भागात रसायनाला काम जास्त. तिथलं डेव्हलपर लवकर संपतं आणि तयार झालेलं ब्रोमाइड उरलेल्या कामालाही लगाम घालतं. सावलीच्या भागात काम थोडं, त्यामुळे तिथलं रसायन टिकतं आणि सावकाश तपशील बाहेर काढत राहतं. भिंत पांढरीफटक होत नाही, ओघळीतले दगडही दिसतात. उजेड-सावलीच्या सीमेवर दोन्हीकडची रसायनं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कडा जास्त रेखीव दिसतात. पण एक लक्षात घ्या: जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे तासभर ठेवूनही काही उगवत नाही. म्हणून फोटो काढताना सावलीला थोडा जास्त उजेड द्या. ४०० ची फिल्म २०० धरून वापरणारे बरेच आहेत, ते याचसाठी.

यासाठी सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते १८९१ मध्ये पेटंट झालेल्या रोडिनालचं. एक भाग रोडिनाल, शंभर भाग पाणी, २० अंश सेल्सिअस, एक तास. एका रोलला निदान ५ मिलि मूळ द्रावण मिळायला हवं, म्हणजे ५०० मिलि पाणी आलं. छोट्या टाकीत ३०० मिलिच मावत असेल तर हे गणित बसत नाही, मोठी टाकी घ्या. सुरुवातीला अर्धा ते एक मिनिट हळूहळू उलटसुलट करा, बुडबुडे सुटावेत म्हणून टाकी ओट्यावर दोनदा आपटा आणि ठेवून द्या. बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे डेव्हलपरसाठी डिस्टिल्ड वॉटर बरं. नंतरचं फिक्सर मात्र नेहमीसारखं हलवूनच वापरायचं, तिथे आळस नको.

आता धोक्याचं. ब्रोमाइड जड असतं, ते खाली ओघळतं आणि वाटेत पट्टे उमटवतं. ३५ मिमी फिल्मवर हे पट्टे कडेच्या भोकांपासून निघालेले दिसतात. झाडाझुडपात ते लपून जातात, पण मोकळ्या आभाळात लगेच उठून दिसतात. आणि हिवाळ्यातल्या आपल्या माळावरच्या फोटोत अर्धं आभाळच असतं! ३६ फोटो एकाच टाकीत असतात आणि झालेली चूक परत धुऊन निघत नाही. म्हणून बरेच जण ३० मिनिटांनी टाकी दोन-तीनदा अलगद उलटी करतात. याला ‘सेमी-स्टँड’ म्हणतात. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच मार्ग धरावा आणि तोही बिनमहत्त्वाच्या रोलवर.

धुक्यातल्या फोटोंना मात्र ही पद्धत लावू नका. अग्रणीच्या काठावर धुकं उतरलेलं असेल तर चित्र आधीच फिकं, सपाट असतं. स्टँडने ते आणखी राखाडी होईल. तिथे नेहमीसारखं हलवून, हवं तर थोडा वेळ वाढवूनच धुवा.

राहिलं तापमान. तासाभरात टाकीतलं पाणी खोलीइतकं होतं, म्हणून टाकी २० अंशाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवायची. इथल्या हिवाळ्यात हे सहज जमतं. एप्रिलमध्ये त्याच बादलीत बर्फ टाकत बसावं लागेल.